निजामपुऱ्यातली रेसगाडी

भिवंडीला कधी गेलायत का हो तुम्ही? नसाल गेला, तरी भिवंडी तुमच्या घरी येऊन गेलेली असणार. उशीचा अभ्रा, सदऱ्याच्या कॉलरमधलं अस्तर, आईच्या पिशवीचं कापड, यातलं काही ना काही तिथल्या मागावर विणलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. आपण मात्र भिवंडी पाहतो ती नाशिकला जाताना, महामार्गावरून, आणि तीही नुसती गोदामंच गोदामं!

मी गेलो तो मात्र आत, थेट निजामपुऱ्यात. कल्याणहून एसटी मिळते, किंवा दिवा-वसई गाडीने भिवंडी रोड स्टेशनवर उतरायचं आणि पुढे रिक्षा करायची. निजामपुरा ही जुनी वस्ती. इतकी जुनी आणि मानाची, की शहराच्या नावातच ती जाऊन बसली आहे. 2001 साली इथे महानगरपालिका झाली, तिचं पूर्ण नाव 'भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका' असं आहे. कामवारी नदीच्या काठचं हे गाव. कोकणी मुसलमानांची जुनी घरं, उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, आंध्र-तेलंगणाकडून आलेले पद्मशाली विणकर असे सगळे या शहरात नांदतात. हातमाग गेले, यंत्रमाग आले, आणि भिवंडी देशातल्या यंत्रमागांच्या सर्वांत मोठ्या ठाण्यांपैकी एक झाली.

रिक्षावाल्याला पत्ता विचारायची गरजच पडली नाही. तो म्हणाला, "आवाज सुरू झाला की समजायचं, आलो." आणि खरंच! गल्लीच्या तोंडाशीच खटॅक्-खटॅक् सुरू झालं. एक माग असा वाजतो. शंभर माग एकत्र वाजले की तो आवाज राहत नाही, तो पाऊस होतो. पत्र्यावर पडणारा. खिडकीच्या गजांवर, विजेच्या तारांवर, कोपऱ्यातल्या मांजराच्या मिशांवरसुद्धा कापसाची बारीक लव बसलेली. समोरून एक हातगाडी आली, तिच्यावर कापडाचे तागे रचलेले आणि मागे ढकलणारा माणूस दिसेचना.

आता तुम्ही विचाराल, इथे रेसगाडीचं काय काम?

त्याचं असं झालं. एका विज्ञान प्रदर्शनात मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला एक मुलगा भेटला. कॉलेजातल्या मुलांनी मिळून एका माणसाची, उघड्या चाकांची, छोटीशी शर्यतीची गाडी बनवली होती. हा त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स सांभाळायचा. गाडीवर जिकडेतिकडे वायरी आणि सेन्सर. मी विचारलं, "हे सगळं शिकलास कुठे?" तर हसून म्हणाला, "काका, पुस्तकात नंतर वाचलं. आधी अब्बांच्या मागावर शिकलो. या एकदा निजामपुऱ्यात."

म्हणून गेलो.

त्याचे वडील एका कारखान्यात सहा माग सांभाळतात. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. दोन ओळींत माग, मधून एक माणूस आडवा होऊन जेमतेम जाईल एवढी वाट. आत बोलायची सोयच नाही. सगळं खुणांनी चालतं. यंत्रमागाच्या खोलीतला आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी नव्वद हीच वरची मर्यादा धरलेली आहे आणि इथली पाळी बारा तासांची.

मागाची गंमत आधी नीट समजून घ्या, म्हणजे गाडी आपोआप समजेल. बीमवर गुंडाळलेले उभे धागे म्हणजे ताणा. त्यांच्यातून डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे जातो तो आडवा धागा, म्हणजे बाणा. बाण्याची कांडी पोटात घेऊन पळतो तो धोटा, दोन टोकांना निमुळता, लाकडी होडीसारखा. एक काठी त्याला फटका मारते आणि तो सुसाट पलीकडे जातो. धोट्याची एक फेरी म्हणजे एक 'पिक'. असे मिनिटाला एकशे चाळीस पिक धरा. धोट्याला पलीकडे जायला मिळतो सेकंदाचा सातवा हिस्सा, आणि अंतर साधारण दीड मीटर. करा गणित! ताशी सदतीस-अडतीस किलोमीटर होतात. शहरातली बस बऱ्याचदा याहून हळू चालते.

आता समजा, मधेच बाण्याचा धागा तुटला. धोटा तर रिकामाच धावत राहील आणि कापडाऐवजी नुसत्या उभ्या रेघा पुढे सरकतील. पण तसं होत नाही, माग आपोआप थांबतो. कसा? मागाच्या एका बाजूला काट्या-चमच्यातल्या काट्यासारखा एक छोटा काटा असतो. धागा जागेवर असला की तो काट्याला हळूच ढकलतो. धागा नसला की काटा हलत नाही, त्याचा आकडा मागच्या दांड्यात अडकतो, आणि दांडा माग बंद करून टाकतो. वीज नाही, वायर नाही, चिप तर नाहीच नाही. तरीही हा पक्का सेन्सर! 'धागा आहे की नाही?' हा एकच प्रश्न तो मिनिटाला सत्तर वेळा, दर दोन पिकांमागे एकदा, विचारत असतो. ही युक्ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. (आणि तुम्हाला ठाऊक आहे का, फ्रान्समधल्या झाकारने 1804 च्या सुमाराला नक्षीचा माग भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालवला, ते पुठ्ठेच पुढे गणनयंत्रांना माहिती भरवायला वापरले गेले. तेव्हा संगणकाचा एक आजोबा विणकर होता म्हणायला हरकत नाही.)

पण त्या खोलीतला सगळ्यात भारी सेन्सर मला वेगळाच दिसला. मुलाचे अब्बा मागांमधून फिरता फिरता एका मागाच्या चौकटीवर तळहात टेकवत. क्षणभर थांबत. मग पुढे. एकदा थांबले, वाकले, पट्ट्याकडे पाहिलं, मुलाला खूण केली. बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "पट्टा सरकतोय म्हणाले. मोटर फिरते पूर्ण, माग फिरतो कमी."

"हे त्यांना कानाने कळतं?"

तो जरा गप्प झाला. म्हणाला, "आधी कानाने कळायचं. आता हाताने."

त्याचं कारण त्याने चहा पिताना सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या लक्षात आलं की अब्बांना फोनची घंटी ऐकू येत नाही. घरात टीव्ही खूप मोठा लागतो. आई हाक मारते आणि ते वळत नाहीत. पंचवीस वर्षं ज्या कानांनी माग दुरुस्त केले, त्याच कानांना मागांनी खाल्लं. मुलाने कापसाचे बोळे देऊन पाहिले, नंतर कानात घालायचे रबरी प्लगही आणले. अब्बा ते दहा मिनिटांत काढून टाकत. म्हणत, "माग काय बोलतो ते कळत नाही मग."

तेव्हा मुलाने ठरवलं, माग काय बोलतो ते लिहून ठेवायचं.

त्याने केलं काय, तर मागाच्या फिरत्या दांड्यावर एक लोहचुंबक चिकटवला आणि शेजारी एक 'हॉल सेन्सर' बसवला. 1879 साली एडविन हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याला असं दिसलं, की वीज वाहत असलेल्या धातूच्या पट्टीजवळ चुंबक आणला की पट्टीच्या दोन कडांमध्ये थोडासा विद्युतदाब तयार होतो. याच युक्तीवर आजचा हा मुगाच्या डाळीएवढा सेन्सर चालतो. दांड्याचा एक फेरा म्हणजे एक पिक. चुंबक समोरून गेला की सेन्सर एक ठोका देतो, आणि एक छोटी डबी त्या ठोक्याची वेळ लिहून ठेवते. ती डबी म्हणजे डेटा लॉगर. आपल्या भाषेत सांगायचं तर न झोपणारा, न कंटाळणारा कारकून!

आणि हाच चुंबक, हाच सेन्सर, हीच डबी रेसगाडीत. फक्त दांड्याच्या जागी चाक.

आता आपण त्याच्या घरी जाऊ. कारखान्याच्या मागच्याच गल्लीत, जिना चढून वर, एक खोली. खाटेवर लॅपटॉप उघडला आणि त्याने मला रेषा दाखवल्या. लाल, निळ्या, हिरव्या. परीक्षेच्या आलेखाच्या कागदावर काढतो ना आपण, तशाच.

या मुलांच्या शर्यतीला 'फॉर्म्युला स्टुडंट' म्हणतात. अशा स्पर्धांची सुरुवात अमेरिकेत 1981 मध्ये झाली. आपल्याकडे कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत' भरते. मुंबईच्या सोमय्या कॉलेजचा 'ओरायन रेसिंग', पुण्याच्या सीओईपीचा 'ऑक्टेन रेसिंग' हे संघ या जगातले नावाजलेले. आयआयटी मुंबईच्या मुलांनी तर विजेवर चालणाऱ्या गाड्या बांधून थेट इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला नेल्या आहेत. गाडी स्वतः आखायची, स्वतः बनवायची, खर्चाचा हिशोबही परीक्षकांना द्यायचा. मग पंचाहत्तर मीटरची सरळ धाव, आठच्या आकड्यासारखं वळण, आणि शेवटी बावीस किलोमीटरची दमसासाची शर्यत. त्यात अर्ध्यावर चालक बदलतो. कितीतरी गाड्या त्यातच बंद पडतात.

मोठ्या फॉर्म्युला वन गाडीवर सुमारे तीनशे सेन्सर असतात आणि गाडी धावत असतानाच सगळी माहिती रेडिओने संघाकडे येत राहते. 2002 साली तर उलट दिशेनेही, म्हणजे बाहेर बसलेल्या इंजिनिअरला धावत्या गाडीतल्या गोष्टी बदलायची मुभा होती. 2003 पासून ती बंद झाली. बरंच झालं म्हणा, नाहीतर चालकाने काय नुसतं बसून राहायचं? आपला नारायण कार्तिकेयन 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरला, 2011 ते 2013 अशी तीन वर्षं ग्रेटर नोएडाला ती शर्यत झाली, आणि विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मध्ये 2014 च्या पहिल्या मोसमापासून महिंद्राचा संघ आहे. ही सगळी मोठ्या पैशांची मंडळी. निजामपुऱ्यातल्या खाटेवरची गाडी गरीब होती. तिच्यावर मोजून अकरा सेन्सर.

चार चाकांवर चार हॉल सेन्सर. स्टिअरिंग किती वळलं ते सांगणारा एक. पायाने वेग किती मागितला ते सांगणारा एक. पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या तेलाचा दाब मोजणारे दोन. इंजिनच्या पाण्याचं तापमान सांगणारा एक. गाडी पुढे-मागे, डावी-उजवीकडे किती जोरात ढकलली जाते ते सांगणारा एक. आणि उपग्रहावरून जागा सांगणारा जीपीएस.

इथे एक मजेदार गणित आहे, हातासरशी करून टाका. गाडी ताशी बहात्तर किलोमीटरने धावते, म्हणजे सेकंदाला वीस मीटर. जीपीएस सेकंदाला दहा नोंदी करतो. म्हणजे दोन नोंदींमध्ये गाडी दोन मीटर पुढे गेलेली असते! त्या दोन मीटरमध्ये काय झालं ते त्याला ठाऊकच नाही. म्हणून चाकाच्या आणि ब्रेकच्या नोंदी सेकंदाला शंभर वेळा घ्यायच्या. मग दोन नोंदींत अंतर उरतं वीस सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या एका वितीएवढं.

आता खरी गोष्ट. सरावाच्या वेळी त्यांच्या दोन चालकांपैकी एक मुलगा दर फेरीला मागे पडायचा. रेषा पाहिल्या तर कारण लख्ख दिसलं. वळण जवळ आलं की तो वेगाच्या पेडलवरून पाय उचलायचा आणि ब्रेक लगेच दाबायचा नाही. मधला अर्धा सेकंद गाडी नुसतीच घरंगळायची. फेरीत अशी सहा वळणं, आणि शर्यतीत बावीस फेऱ्या, त्यातल्या अर्ध्या, म्हणजे अकरा, त्याच्या वाट्याला. अर्धा गुणिले सहा गुणिले अकरा, झाले तेहतीस सेकंद. अर्धं मिनिट वाया! सगळे त्या मुलाला म्हणाले, "तू घाबरतोस." तो म्हणाला, "गाडी बरोबर नाही." सगळ्यांनी लॅपटॉप त्याच्यासमोर धरला. रेषेपुढे तो काय बोलणार? संघातून त्याला काढायचंच ठरत होतं.

"त्या रात्री मी घरी आलो," मुलगा सांगत होता, "आणि अब्बा सेठशी बोलून आले होते. मागावरची डबी सेठने पाहिली होती. त्यात दिसत होतं की तीन नंबरचा माग दिवसात खूप वेळा थांबला. सेठ म्हणाला, कारीगर झोपतो."

इथे मजुरी मीटरवर मिळते, बरं का. हिशोब करून पाहा. कापडाच्या एका इंचात पन्नास पिक धरले, तर मिनिटाला एकशे चाळीस पिकांनी होतं पावणेतीन इंचांच्या थोडं वर. दहा मिनिटं माग थांबला की सत्तर सेंटिमीटर कापड गेलं, आणि त्याची मजुरी गेली. माग थांबला तर आधी कारीगराचंच नुकसान! तो मुद्दाम कशाला थांबवेल?

अब्बा मुलाला फारसं रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझी डबी सांगते, माग थांबला. का थांबला, ते तिला कुठे माहीत? ते मला विचार."

आणि त्याने विचारलं. वहीत लिहीत बसला. एका कांडीतला धागा पाच-सहा मिनिटांत संपतो. सहा माग, म्हणजे जवळजवळ दर मिनिटाला कुठे ना कुठे कांडी बदलायची. एका मागाची कांडी बदलेपर्यंत दुसरा वाट पाहत उभा. त्यात तीन नंबरच्या मागावर नवं सूत चढवलं होतं, कच्चं, ठिकठिकाणी बारीक. तो ताणा घडीघडी तुटत होता. तुटलेले धागे शोधून गाठ मारायला कारीगराला माग थांबवावा लागतो, त्याला इलाज नाही. झोपेचा इथे संबंधच नव्हता, सूत खराब होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन मुलाने त्या चालकाला विचारलं, "पाय उचलतोस तेव्हा तुला काय वाटतं?" हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता. तो म्हणाला, "ब्रेक दाबला की गाडीचं शेपूट हलतं. उजवीकडे जाईल की डावीकडे, कळत नाही."

मग त्यांनी चारही चाकांच्या रेषा एकावर एक ठेवून पाहिल्या. ब्रेक दाबल्याबरोबर मागच्या चाकांचा वेग झपकन खाली येत होता, पुढच्यांच्या आधी. म्हणजे मागची चाकं फिरायची थांबून घसरत होती. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं. बसने करकचून ब्रेक लावला की तुम्ही पुढे फेकले जाता ना, तसंच. मागची चाकं हलकी होतात, म्हणून त्यांना ब्रेकचा वाटा कमी द्यावा लागतो. यांच्या गाडीत तो जास्त दिला गेला होता. दुसरा चालक दणकट हातांचा, तो स्टिअरिंग मारून शेपूट सावरायचा. पहिल्याला ते आधीच कळायचं, म्हणून तो बिचकत होता. पुढच्या-मागच्या ब्रेकचा वाटा ठरवणारा एक आटा असतो. तो थोडा फिरवला, वाटा पुढे सरकवला. चार फेऱ्यांत तो अर्धा सेकंद रेषेवरून नाहीसा झाला.

"सॉरी म्हणालात का त्याला?" मी विचारलं.

"म्हणालो. समोसे पण दिले."

आणि सेठ? सेठने तीन नंबरचं बीम संपेपर्यंत तेच सूत चालवलं. पुढचं बीम बरं आलं. आता सेठला ती डबी सगळ्या मागांवर हवी आहे, पैसे द्यायला तयार आहे. मुलगा अजून हो म्हणालेला नाही. आई म्हणते, पैसे येतील, घे. त्याला वाटतं, आकडे सेठच्या फोनवर आणि कारण कारीगराच्या डोक्यात, असं झालं तर पुन्हा तेच होणार. म्हणून तो डबीला एक बटणांची पट्टी जोडतो आहे. माग थांबला की कारीगराने एक बटण दाबायचं: कांडी, ताणा, लाइट, दुरुस्ती. त्याशिवाय ती नोंद पूर्ण व्हायचीच नाही. सेठला ही पट्टी पसंत पडेल की नाही, कुणास ठाऊक.

तुम्हालाही असला उद्योग करून पाहता येईल. सायकलच्या पुढच्या चाकाला एका ठिकाणी रंगीत दोरा बांधा. चाकाचा परीघ मोजून ठेवा. मैदानात मित्राला एका मिनिटाचे फेरे मोजायला सांगा आणि वहीत लिहा: हवा भरलेली असताना, हवा कमी असताना, ब्रेकचं रबर घासत असताना. एक रकाना मात्र रिकामा ठेवा, 'का?' असा. तो सायकल चालवणाऱ्याला विचारून भरा.

बोलता बोलता सात वाजले आणि एकदम लाइट गेली. अंधार झाला त्याचं काही नाही, पण शांतता! सगळा निजामपुरा एका क्षणात गप्प. इतक्या वेळात न ऐकू आलेले आवाज वर आले. कुठेतरी कुकरची शिट्टी, मशिदीजवळ खेळणारी पोरं, खालच्या नळाचं पाणी. अब्बा जिना चढून वर आले, दाराशी बसले आणि दोन्ही कान चोळू लागले. मी म्हणालो, "आता बरं वाटत असेल." ते हसले. "अब्भी जास्त आवाज येतो साब. आत सूं सूं वाजतं."

मुलगा काही बोलला नाही. त्याने मोबाइलच्या उजेडात वही काढली आणि वेळ लिहिली.

वीस मिनिटांनी लाइट आली. एक माग सुरू झाला, मग दुसरा, मग सगळा पाऊस परत. अब्बा खाली गेले, आम्ही मागोमाग. ते सरळ तीन नंबरच्या मागाशी गेले आणि चौकटीवर तळहात ठेवला. मुलाने लॅपटॉप उघडला. बाकीचे माग एकशे चाळीसच्या आसपास, तीन नंबर एकशे बत्तीस.

अब्बांनी पट्ट्याकडे बोट केलं. मुलाने मान हलवली आणि पाना आणायला धावला.